‘कोप्या’ म्हणणं कसं थांबवू? (तिसरी-चौथीचा एकत्र वर्ग)

बालाघाटचा_मास्तर

आमची शाळा द्विशिक्षकी, तिसरी-चौथी मिळून 31 पोरं माझ्याकडे. गावातली निम्मी घरं दिवाळी झाली की ऊसतोडीला जातात आणि पाडव्याच्या आगेमागे परततात. चौथीतला एक पोरगा दरवर्षी आजीजवळ राहायचा. यंदा आजी गेली, म्हणून तोही आईबापाबरोबर कर्नाटकात कारखान्यावर गेला. परत आल्यापासून वर्गात त्याचं नाव ‘कोप्या’. फडावर, म्हणजे तोडणीच्या जागी, राहतात ती झोपडी म्हणजे कोपी, त्यावरून.

आधी मी हसण्यावारी नेलं. मग एक दिवस खिचडीच्या पंगतीत नीट बघितलं. पोरं मांडीला मांडी लावून दाटीनं बसलेली, आणि याच्या दोन्ही अंगाला एकेका ताटाची जागा मोकळी. हा खाली मान घालून खिचडीतले वाटाणे एका कडेला लावत होता.

दुसऱ्या दिवशी परिपाठात आदर या विषयावर दहा मिनिटं बोललो. फळ्यावर सुविचार लिहिला. चिडवणाऱ्याला पुढं बोलावून ‘सॉरी’ म्हणायला लावलं. तो म्हणाला, हातही मिळवला. मधल्या सुट्टीत पोरांनी नवीन नाव काढलं होतं: ‘सॉरी कोप्या’.

खरी गोम पुढं आहे. चिडवण्यात पुढं असलेला पोरगा मुकादमाचा, म्हणजे तोडणीला माणसं नेणाऱ्याचा, आणि याच्या बापानं उचल (आगाऊ पैसे) घेतलीय ती त्याच मुकादमाकडून. आईला शाळेत बोलावलं तर ती दारातूनच म्हणाली, “जाऊ द्या सर, पोरापोरांचं हाय. तुमी त्यान्ला काय बोलू नगा.” आता मी काय करू?

डोंबिवलीची_आई

सर, दोन्ही पालकांना समोरासमोर बसवा. माझ्या मुलीच्या वेळी त्यानंच मिटलं. शाळेत तक्रारपेटी असेलच, मुलाला लिहून टाकायला सांगा. आणि 1098 हा मुलांसाठीचा नंबर वर्गात लावून ठेवा.

निवृत्त_केंद्रप्रमुख

ताई, नंबर लावावाच, मारहाणीपर्यंत गेलं तर उपयोगी आहे. पण 31 पोरांच्या वर्गात कुणाचं अक्षर कसं हे सगळ्यांना पाठ असतं, तिथं पेटीत चिठ्ठी कोण टाकणार? आणि मुकादमाला बसवलंत तर तो तुमच्यासमोर हसेल, पुढच्या हंगामात बाप भोगेल.

सर, चिडवणाऱ्याला तूर्त सोडा. हसणाऱ्यांकडे बघा. एकानं ठेवलेलं नाव टिकत नाही, वीस जण हसले की टिकतं. त्यातली दोन-तीन बरी पोरं हेरा, एकेकटं गाठा आणि एवढंच म्हणा, “उद्या त्याच्याशेजारी ताट मांडशील का?” व्याख्यान नको.

2009 साली मूल्यवर्धन हा शाळांतला मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम आपल्या बीड जिल्ह्यातूनच सुरू झाला, त्यातली जोडीचर्चा घ्या. जोड्या मात्र रोज चिठ्ठ्या काढून बदला, नाहीतर पोरं आपापल्या गल्लीतलेच धरून बसतात.

राग मानू नका, एक विचारतो. तो परत आला त्या दिवशी हजेरीला तुम्ही काय म्हणाला होतात?

तोडणाऱ्याची_लेक

मी आता नर्स आहे. एक विनंती. “ऊस कसा तोडतात ते सगळ्यांना सांग” म्हणून त्याला वर्गापुढं उभं करू नका. आमच्या बाईंनी अगदी चांगल्या मनानं मला उभं केलं होतं. वाढ्यानं, म्हणजे उसाच्या शेंड्याच्या पाल्यानं, मोळी कशी बांधतात ते मी बांधून दाखवलं, टाळ्या पडल्या, आणि सातवीपर्यंत माझं नाव ‘मोळी’ होतं.

बालाघाटचा_मास्तर

तीन आठवड्यांनी लिहितोय. नर्सताई, तुमचं वाचलं त्याच्या दुसऱ्या दिवशीच्या पाठात नेमकं तेच करायचं ठरवलं होतं. वाचलो.

केंद्रप्रमुख साहेब, तुम्ही बरोबर ठिकाणी बोट ठेवलंत. “आले का कारखानदार?” असं मी म्हणालो होतो. वर्ग हसला होता, आणि वर्ग हसला म्हणून मलाही बरं वाटलं होतं. परवा हजेरीच्या वेळी पोरांना सांगितलं, नाव घेताना मी काहीबाही बोलतो ते चुकतं, आजपासून बंद. कुणाकडं बघितलं नाही, पुढचं नाव घेतलं.

पहिल्या पोरानं ताट मांडायला नाही म्हटलं. दुसरा बसला, रोज बसतो. उजवीकडची जागा अजून कधी भरते, कधी नाही.

चिठ्ठीत एकदा त्याची जोडी तिसरीतल्या एका मुलीशी लागली. ती वीसपर्यंत मोजताना अडखळते. यानं तिला काय शिकवावं, तर कानडी आकडे! ओंदु, एरडु, मूरु. फडाजवळच्या दुकानात ऐकून पाठ झालेले. मी काहीच सांगितलं नव्हतं. आता लंगडीत बाद झालेले गडी पोरं कानडीत मोजतात.

‘कोप्या’ पूर्ण गेलेलं नाही. दिवाळीनंतर त्याला हंगामी वसतिगृहात ठेवावं म्हणून आईशी बोलतोय, ती अजून हो म्हणत नाही.

काल मात्र मुकादमाचा पोरगा मोजायला उभा राहिला आणि ‘नाल्कु’पाशी अडकला. दोनदा चुकला. सगळा वर्ग त्याला हसायला लागला. हसू मलाही आलं होतं, आवरलं.