मदत हवी आहे: घाटमाथ्यावर उपग्रहाचा पाऊस मापकाच्या निम्माही का येत नाही?

नमस्कार मंडळी,

कोयनेच्या पाणलोटात, माथ्यालगतच्या एका गावात आम्ही चार वर्षं साधा पर्जन्यमापक सांभाळतोय. तोंड २०० चौरस सेंमी, आत चार लिटरची बाटली. गावातल्या एक काकू रोज सकाळी साडेआठला पाणी मोजून वहीत लिहितात. २०० मिमी पडला की बाटली भरते, म्हणून झोडपणाऱ्या पावसात त्या रात्रीही जाऊन ती मोजून रिकामी करून येतात.

तरी वहीत काही दिवस कोरे आहेत. मापक ओढ्यापलीकडच्या माळावर आहे आणि ओढा भरला की वाट बंद. म्हणजे नोंद नाही ते नेमके सर्वाधिक पावसाचे दिवस! गावतळ्याचा सांडवा किती रुंद हवा, हे त्याच दिवसांवर ठरणार आहे.

ते दिवस भरायला मी नासा आणि जाक्सा (जपानची अंतराळ संस्था) यांच्या जीपीएम या पाऊस मोजणाऱ्या उपग्रह मोहिमेचा आयमर्ग नावाचा डेटा घेतला. ०.१ अंशाची चौकट, दर अर्ध्या तासाचा आकडा. सुरुवातीला तारखांचाच घोळ झाला. त्यांचा तयार दैनिक आकडा यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेप्रमाणे, म्हणजे आपल्या पहाटे साडेपाच ते साडेपाच. आमचा साडेआठ ते साडेआठ, आणि तारीख मोजणीच्या सकाळची. मग अर्ध्या तासाच्या ४८ फायली जोडून आमचा दिवस बांधला. चढउतार बरेच जुळले, पण जुलैत उपग्रहाचा आकडा वहीच्या निम्म्यालाही पोचत नाही. वाईला मैत्रिणीच्या शेतात मापक आहे, तिथे मात्र काही दिवस उलटंच: उपग्रह पाऊस दाखवतो आणि मापक कोरडा.

मापकाला चौकटीशी ताडणं मुळातच अवघड, हे कळतं. चौकट सव्वाशेच्या आतबाहेर चौरस किलोमीटरची, मापकाचं तोंड ताटलीएवढं. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिमीच्या आसपास आणि वाईला हजाराच्या आत. मधलं अंतर सरळ रेषेत पंचवीसेक किलोमीटर, म्हणजे दोन-तीन चौकटी. पण मग सरासरी गुणोत्तर काढून उपग्रहाच्या आकड्याला गुणलं तर चालेल का? की आमचाच मापक चुकतोय?

प्रतिसाद

ताई, दिवस बांधलात ते उत्तम केलंत, बरेच जण तिथेच फसतात. मापकावर शंका नको. वाऱ्यामुळे मापकात पाऊस पडला त्यापेक्षा कमीच येतो, जास्त नाही. म्हणजे खरी तफावत तुम्हाला दिसतेय त्याहून मोठी असेल.

कारण ढगात आहे. जमिनीवरचा पाऊस उपग्रहांवरची मायक्रोवेव्ह उपकरणं मुख्यतः ढगातल्या बर्फकणांवरून ओळखतात, आणि अवरक्त (इन्फ्रारेड) उपकरणं ढगाचा माथा किती थंड आहे त्यावरून. जुलैत सह्याद्रीला अडून वर चढणारे ढग पुष्कळदा बुटके असतात. थेंब बर्फाशिवायच वाढतात, माथा उबदार राहतो, खाली मुसळधार चाललेली असते आणि उपग्रहाला ती किरकोळ वाटते. वाईकडे उलट: उंचावर पसरलेला थंड ढग दिसतो, पण खाली काही पडत नाही किंवा थेंब वाटेतच सुकतात.

म्हणून एकच गुणोत्तर लावू नका. मे आणि ऑक्टोबरच्या वळवाचे ढग उंच, बर्फाने भरलेले. तिथे जुलैचं गुणोत्तर लावलंत तर आकडा भलताच फुगेल. आयमर्गचा शेवटचा, साडेतीन महिन्यांनी येणारा संच मापकांशी जुळवलेला असतो, पण ती जुळवणी महिन्याच्या बेरजेवर आणि एक अंशाच्या जाळीवर होते. त्यात घाटमाथा आणि पठार एकत्रच येतात.

मी असतो तर कोरे दिवस कोयना, नवजा आणि महाबळेश्वरच्या रोजच्या आकड्यांवरून भरले असते. तुमच्या वहीत नोंद असलेल्या दिवशी या तिघांशी तुमचं नातं काय, ते आधी बघा. उपग्रह फक्त पाऊस रात्री पडला की दुपारी, हे ठरवायला वापरा. मग वहीतले काही जोराचे दिवस मुद्दाम झाका आणि तुमची रीत ते किती बरोबर सांगते ते तपासा. २३ जुलै २०२१ ची नोंद असेल तर तो दिवस नक्की घ्या, तेव्हा महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिमी झाला होता.

आणि एक विचारायचं राहिलं: ओढा उतरल्यावर मापकात साचलेलं पाणी कुणी मोजलं होतं का?

धागाकर्ती

काकूंना आत्ताच फोन केला. मोजलं होतं! बाटली ओसंडून बाहेरच्या डब्यात आलेलं पाणीसुद्धा. वहीच्या शेवटच्या पानावर 'तीन दिवसांचं मिळून' असं वेगळं लिहून ठेवलंय. मी ते पान स्कॅनच केलं नव्हतं. बेरीज आता माहीत आहे, ती तीन दिवसांत वाटायची आहे. डबा काठोकाठ भरलेला नव्हता, हेही त्यांना पक्कं आठवतंय. वाटणीसाठी नवजाचं प्रमाण धरू की तिन्ही ठिकाणांचं मिळून?