‘ग्राइंडहाउस’ सलग पाहावा की तुकड्यांत?

प्रश्न (जळगाव): २००७ च्या ‘ग्राइंडहाउस’ या जोडचित्रपटातले दिग्दर्शक रॉड्रिगेझचा ‘प्लॅनेट टेरर’ आणि दिग्दर्शक टॅरँटिनोचा ‘डेथ प्रूफ’ हे चित्रपट स्वतंत्रपणेही पाहता येतात, मग तीन तासांहून अधिक बैठक मारून दोन्ही सलग पाहण्यात काही विशेष हाती लागते का, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (भुसावळ): सलगच पाहावा. मुद्दाम उमटवलेले ओरखडे, मधले बनावट ट्रेलर आणि ऐन प्रणयप्रसंगी झळकणारी ‘रीळ गहाळ’ अशी पाटी, ही सारी गंमत १९७० च्या दशकातील अमेरिकेच्या स्वस्त चित्रपटगृहांची नक्कल असून, सुटे चित्रपट पाहिल्यास त्यातील बरीचशी हरवते. यात्रेतल्या तंबू टॉकीजमध्ये रीळ तुटल्यावर ज्यांनी शिट्ट्या वाजवल्या आहेत, त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको.

उत्तर (धुळे): सहमत आहे; मात्र शेवभाजी आधीच उरकून घ्यावी, कारण मध्यंतर समजून उठलात तर ट्रेलर हुकतील. (सुरुवातीच्या ‘मशेटे’च्या ट्रेलरवरून २०१० मध्ये खरोखरच पूर्ण चित्रपट निघाला.) ‘डेथ प्रूफ’ गप्पांत फार रेंगाळतो, हे मान्य, परंतु धावत्या डॉज मोटारीच्या बॉनेटवर स्टंट-कलाकार झोई बेल स्वतः पालथी पडून लोंबकळते, तो पाठलाग पाहिल्यावर ती तक्रार मी मागे घेतली.