विषय: २४ जानेवारीची नागपूरची कॅथलिक चर्च-पदयात्रा – कामठीचा टप्पा पायी की वाहनाने?

प्रेषक: कार्यवाह

सप्रेम नमस्कार.

सुटीत नागपुरात येणाऱ्यांची यादी खजिनदारांकडे पोहोचली आहे, तेव्हा नावे पुन्हा कळवू नयेत. दिवसही ठरलेला आहे. २४ जानेवारी हा संत फ्रान्सिस डी सेल्स यांचा सण आणि सदरजवळच्या मोहननगरचे कॅथेड्रल (बिशपचे मुख्य चर्च) त्यांच्याच नावाचे, त्यामुळे दुसऱ्या तारखेचा विचार होणार नाही. अडले आहे ते कामठीपाशी. छावणीतील चर्चपासून कॅथेड्रलपर्यंत बारा-पंधरा किलोमीटर, तिथून सेमिनरी हिल्सचा चढ निराळा. कामठी वगळावी, वाहनाने करावी की पायीच करावी, हे रविवारपर्यंत ठरवायचे आहे. माझे मत वगळण्याच्या बाजूचे आहे.

प्रेषक: सदरचे काका

कार्यवाह, कामठी वगळणार असाल तर पदयात्रेला ‘ऐतिहासिक’ म्हणू नये. आनेसीचे (हे गाव आज फ्रान्समध्ये आहे) मिशनरी १८४५ मध्ये भारतात आले आणि पुढे विशाखापट्टणमला स्थिरावले, आणि मध्य भारतात त्यांचे पाऊल रोवले गेले ते कामठीत, कारण तिथे मद्रास लष्कराची छावणी होती आणि छावणीत कॅथलिक शिपाई होते. नागपूरचा स्वतंत्र धर्मप्रांत (एका बिशपच्या अखत्यारीतला प्रदेश) झाला तो १८८७ मध्ये, अलेक्सी रिकाझ त्याचे पहिले बिशप. महाधर्मप्रांताचा दर्जा तर १९५३ चा. हा क्रम पायांनी अनुभवायचा असेल तर सुरुवात कामठीतूनच झाली पाहिजे. माझे वडील कामठीहून सायकलने नागपुरात शिकायला येत आणि त्याचे कौतुक घरात कोणी केल्याचे मला आठवत नाही.

ता. क. ऑल सेंट्स कॅथेड्रल मार्गात घ्यावे, सदरमध्येच आहे.

प्रेषक: धरमपेठच्या काकू

काकांच्या ता. क. बद्दल. ऑल सेंट्स हे कॅथलिक चर्च नाही. ते मूळचे अँग्लिकन (इंग्लंडच्या चर्चच्या पंथाचे) आणि आता चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचे आहे. त्या संस्थेची स्थापनाच २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात झाली. वास्तू सुंदर आहे, बॉडलींसारख्या नामवंत वास्तुविशारदाचा हात तिला लागलेला आहे, परंतु नुसत्या सौंदर्यावर जायचे तर फुटाळा तलावही यादीत घालावा लागेल. मागे वारसाफेरीत आपण हिस्लॉप कॉलेज ‘कॅथलिक’ म्हणून दाखवले होते आणि तिथल्या एका माजी विद्यार्थ्याने सर्वांदेखत दुरुस्ती केली होती, हे मंडळी विसरलेली दिसतात.

प्रेषक: वसईच्या ताई

काकू, तुमचे म्हणणे मान्य आहे. तरी जाता जाता फाटकाबाहेर दोन मिनिटे थांबून नमस्कार करायला कोणाची हरकत नसावी.

मूळ प्रश्नाविषयी थोडे सविस्तर लिहिते, कारण या यादीवर मिस्साला (चर्चमधल्या मुख्य उपासनेला) नियमाने जाणारी बहुधा मी एकटीच आहे. रोममध्ये सात चर्चची पायी यात्रा संत फिलिप नेरी यांनी सोळाव्या शतकात रूढ केली आणि ती वीस किलोमीटरांहून अधिक भरते. पुष्कळ देशांत पवित्र गुरुवारी संध्याकाळी सात चर्चना भेट देण्याची रीत आहे, ती याच वळणाची. अंतराला घाबरण्याचे कारण नाही. मात्र चालताना प्रार्थना व्हायला हवी, आणि कामठी रोडवर ती होणार नाही. मागच्या हिवाळ्यात मी पहाटे तिथून गेले. धुक्यात जबलपूरकडून येणाऱ्या ट्रकांचे दिवे थेट अंगावर येत होते, आणि पदपथ जिथे होता तिथे त्यावर टायरवाल्यांनी टायर रचून ठेवलेले होते. चाळीस माणसांची रांग हातात जपमाळ घेऊन त्या कडेने नेणे मला धोक्याचे वाटते.

शिवाय सणाच्या दिवशी कॅथेड्रलमध्ये मिस्सा असणार. आपण घामाघूम होऊन मध्येच आत शिरणे बरे दिसणार नाही. फादरांना वेळ विचारून मगच बाकीचा मार्ग आखावा.

प्रेषक: खजिनदार

मेट्रो आहे ना! कामठीचे दर्शन सकाळी बसने उरकावे, त्याच बसने ऑटोमोटिव्ह चौकात उतरावे, तिथून मेट्रोने गड्डीगोदामला यावे आणि पुढे पायी कॅथेड्रल. बसचे भाडे मी आगाऊ देऊ शकतो, फक्त पावती मंडळाच्या नावाने हवी, कारण मागचा हिशेब अजून माझ्याच डोक्यावर आहे.

प्रेषक: सदरचे काका

मेट्रोने कसली पदयात्रा! कामठीत दर्शन घेऊन बसने ऑटोमोटिव्ह चौकापर्यंत यावे, इथवर मला मान्य आहे, कारण ट्रकांविषयी ताईंचे म्हणणे खोडून काढता येत नाही. परंतु तिथून इंदोऱ्यावरून कॅथेड्रलपर्यंत आपण चालत यावे. वस्तीचा रस्ता आहे, चहाला थांबता येते, आणि ज्यांचे गुडघे दुखतात त्यांना वर धावणारी मेट्रो आहेच. सेमिनरी हिल्स दुपारनंतर ठेवावे. सेंट चार्ल्स सेमिनरी हे पर्यटनस्थळ नाही, तिथे विद्यार्थी राहून धर्मशिक्षण घेतात, त्यामुळे लेखी परवानगीशिवाय फाटकातून आत पाऊल टाकू नये. ते पत्र मी लिहितो. सेमिनरीत माझी ओळख आहे, इतर कोणी परस्पर फोन करू नये.

प्रेषक: धरमपेठच्या काकू

पत्र काकांनी जरूर लिहावे, फक्त पाठवण्यापूर्वी कार्यवाहांना दाखवावे. सेंट जोसेफ कॉन्व्हेंटच्या सिस्टरांशी मी बोलते. शाळा सुटण्याच्या वेळी आपण तिथे पोहोचलो तर रिक्षांच्या गर्दीत अर्धी मंडळी हरवतील.

प्रेषक: कार्यवाह

ठीक आहे. कामठी बसने, ऑटोमोटिव्ह चौक ते कॅथेड्रल पायी, मिस्सानंतर सेंट जोसेफ, दुपारी सेमिनरी हिल्स. ऑल सेंट्स बाहेरून. वसईच्या ताईंनी फादरांकडून मिस्साची वेळ कळवल्यावर बस किती वाजता सुटेल ते लिहीन. २६ जानेवारीच्या तयारीमुळे कस्तुरचंद पार्कच्या बाजूचे रस्ते अडवलेले असू शकतात, त्यामुळे बस तिकडे उभी करू नये, हे खजिनदारांनी बसवाल्याला आताच सांगून ठेवावे.

प्रेषक: खजिनदार

सांगतो. पावतीचे काय?