रॉबर्ट कर्टहोजला ‘नालायक ड्यूक’ ठरवणे न्याय्य आहे काय?

मूळ मत – नदीकाठ

उत्तर फ्रान्समधील नॉर्मंडीचा ड्यूक आणि इंग्लंड जिंकणारा राजा, विजेता विल्यम, ९ सप्टेंबर १०८७ रोजी रूआँ येथे मरण पावला आणि त्याच्या राज्याची मुलांत वाटणी झाली. थोरल्या रॉबर्ट कर्टहोजकडे वडिलोपार्जित नॉर्मंडी आली, विल्यम रूफसला जिंकलेले इंग्लंड मिळाले आणि धाकट्या हेन्रीच्या वाट्याला जमीन न येता ५००० पौंड चांदी आली. पुढे एकोणीस वर्षे भाऊबंदकी चालली आणि २८ सप्टेंबर ११०६ रोजी तँशब्रेच्या लढाईत हेन्रीने रॉबर्टला कैद केले. त्यानंतरची अठ्ठावीस वर्षे रॉबर्टने बंदिवासात काढली आणि ११३४ मध्ये कार्डिफच्या किल्ल्यात त्याचा अंत झाला.

इतिहासात रॉबर्टची ओळख आळशी, उधळ्या आणि सरदारांच्या मुठीत गेलेला ड्यूक अशी उरली आहे. माझ्या मते हे चित्र मुख्यतः हेन्रीच्या अमलाखाली लिहिणाऱ्या इतिवृत्तकारांनी रंगवलेले आहे. भावाचे राज्य बळकावून त्याला जन्मभर कोंडून ठेवणाऱ्या राजाला स्वतःच्या समर्थनासाठी एका नालायक भावाची गरज होतीच.

प्रत्यक्षात काय दिसते? १०९१ मध्ये रॉबर्ट आणि रूफस या दोघांनी मिळून हेन्रीला माँ सँ-मिशेलच्या बेटावर वेढले होते. आतले पिण्याचे पाणी संपत आले, तेव्हा रॉबर्टने हेन्रीच्या माणसांना पाणी नेऊ दिले. रूफस यावर संतापला असता, भावाला तहानेने मरू द्यायचे काय आणि तो गेल्यावर दुसरा भाऊ आणायचा कोठून, असे रॉबर्टने त्याला विचारल्याचे माल्म्सबरीचा विल्यम या इतिवृत्तकाराने नोंदवले आहे. त्याच वर्षीच्या तहात, आपल्यापैकी जो निपुत्रिक मरेल त्याचे राज्य दुसऱ्याकडे जावे असे या दोघांनी ठरवले होते. रूफस २ ऑगस्ट ११०० रोजी शिकारीत बाण लागून निपुत्रिक मेला. त्या वेळी रॉबर्ट जेरुसलेमच्या धर्मयुद्धाहून परतीच्या वाटेवर होता. हेन्रीने मात्र तत्काळ विंचेस्टरचा खजिना ताब्यात घेतला आणि ५ ऑगस्टला वेस्टमिन्स्टर येथे राज्याभिषेक करवून घेतला. शब्द मोडणारा कर्तबगार ठरावा आणि शब्दावर विसंबणारा नालायक, हे मला पटत नाही.

प्रतिसाद – दगडी पूल

आपली तळमळ समजते, परंतु ड्यूकचे मोजमाप त्याच्या भावांवरील मायेने करायचे की त्याच्या प्रजेच्या हालांवरून, हा प्रश्न आपण टाळला आहे. वडिलांच्या मृत्यूची वार्ता पसरताच रॉबर्ट दे बेलेमसारख्या सरदारांनी ड्यूकच्या शिबंद्या किल्ल्यांतून हुसकून लावल्या. हे किल्ले परत घेण्याऐवजी ड्यूकने स्वतःकडचे किल्लेच वाटून टाकले. इव्री एकाला दिले, ब्रियोन दुसऱ्याला. किल्ला गेला की त्या मुलखातला न्यायही गेला आणि शेतकरी सरदारांच्या आपसांतील लढायांत भरडला गेला.

इतिवृत्तकार ऑर्डेरिक व्हिटालिस हा राजाचा भाट होता, असे सुचवणेही अन्यायाचे आहे. तो सँ-एव्रूल मठातला भिक्षू होता आणि बेलेम घराण्याच्या जाचाची झळ त्याच्या मठालाच लागली होती. ११०५ च्या ईस्टरला कोताँताँ या नॉर्मंडीच्या पश्चिमेकडील प्रदेशातल्या कारांताँच्या चर्चमध्ये हेन्री गेला, त्या प्रसंगाचे त्याने केलेले वर्णन पाहावे. देवघर शेतकऱ्यांच्या पेट्यांनी आणि अवजारांनी भरून गेले होते, कारण लूटमारीपासून आपली चीजवस्तू वाचवण्यासाठी लोकांना दुसरी जागाच नव्हती. से गावचा बिशप सेर्लो याने त्या पसाऱ्याकडे बोट दाखवून राजाला या प्रांताचे रक्षण करण्याची विनंती केली.

आता माँ सँ-मिशेलबद्दल. हेन्रीने १०८८ मध्ये ३००० पौंड मोजून कोताँताँचा प्रदेश रॉबर्टकडूनच घेतला होता. ते पैसे घेऊन झाल्यावर तीन वर्षांनी याच रॉबर्टने रूफसशी हातमिळवणी करून हेन्रीला तेथून हुसकावले. मुळात तो वेढाच त्या विश्वासघातातून निर्माण झाला असताना, पाणी देण्याचे औदार्य कितीसे मोठे मानायचे?

उपप्रतिसाद – नदीकाठ

कोताँताँचा व्यवहार रॉबर्टच्या बाजूने मांडता येत नाही, हे मान्य. परंतु कारांताँचा प्रसंग सांगताना आपण जेथे थांबलात, तेथून पुढे जाणे आवश्यक आहे. चर्चमधल्या पेट्या पाहून हळहळलेल्या त्याच हेन्रीच्या फौजेने त्याच मोहिमेत बायो शहराला आग लावली, आणि त्या आगीतून तेथले कॅथेड्रलही सुटले नाही. प्रजेच्या रक्षणासाठी आलेला राजा प्रजेचे शहर जाळतो, तेव्हा त्याच्या हेतूविषयी शंका घेण्याचा अधिकार आपल्याला आहे. ड्यूकच्या अंगावर घालायला कपडे उरले नव्हते म्हणून तो बिछान्यातच पडून राहत असे, ही प्रसिद्ध कथासुद्धा सेर्लोच्या त्याच प्रवचनात येते. स्वारीच्या समर्थनासाठी केलेल्या भाषणातील आरोप आपण साक्ष म्हणून स्वीकारणार काय?

शिवाय हा ‘आळशी’ माणूस १०९६ मध्ये आपली अख्खी डची, म्हणजे ड्यूकचे राज्य, रूफसकडे १०,००० चांदीच्या मार्कांना गहाण ठेवून धर्मयुद्धासाठी पूर्वेकडे निघाला. नायसिया, डोरिलियम, अँटिओक या ठिकाणी लढला आणि जेरुसलेम व अस्कलोनच्या रणांगणांवरही हजर होता. तीन वर्षे सैन्य टिकवून ठेवणाऱ्याला आळशी म्हणणे कठीण आहे.

प्रतिसाद – जुना नकाशा

दोन्ही बाजू वाचल्या. माझ्या मते आपण दोघेही स्वभावांवर अधिक भर देत आहात आणि मूळ दोष १०८७ च्या वाटणीत होता, याकडे दुर्लक्ष करत आहात. १०६६ मध्ये विल्यमने इंग्लंड जिंकल्यानंतर बड्या नॉर्मन घराण्यांच्या जमिनी इंग्लिश खाडीच्या दोन्ही तीरांवर होत्या. दोन धनी झाल्यावर एकाची चाकरी म्हणजे दुसऱ्याशी बेइमानी, आणि त्यात एका तीरावरील जमीन जप्त होण्याचे भय. म्हणूनच १०८८ मध्ये बायोचा बिशप ओडो आणि इतर सरदार रॉबर्टला इंग्लंडच्या गादीवर बसवण्यासाठी उठले. रॉबर्टच्या जागी कोणीही असता तरी युद्ध टळले नसते.

उपप्रतिसाद – दगडी पूल

युद्ध टळले नसते, हे खरे. परंतु त्याचा निकाल आधीच ठरलेला नव्हता. १०८८ मध्ये ओडो रॉचेस्टरच्या किल्ल्यात ज्याची वाट पाहत होता, तो रॉबर्ट स्वतः समुद्र ओलांडून आलाच नाही. ११०१ मध्ये तो पोर्ट्समथला सैन्यासह उतरला, अनेक सरदार त्याच्याकडे वळण्याच्या बेतात होते, आणि त्याने दरसाल ३००० मार्कांच्या तनख्यावर इंग्लंडवरील हक्क सोडून दिला. पुढे दोनच वर्षांत तो तनखाही गमावला. यात इतिवृत्तकारांचा दोष कोणता? धर्मयुद्धातल्या पराक्रमाविषयी माझे दुमत नाही. इतरांच्या सोबतीने लढताना तो उत्तम योद्धा होता. एकट्याने निर्णय घेण्याची वेळ आली की तो हातचे सोडून देत असे.

उपप्रतिसाद – नदीकाठ

हे शेवटचे वाक्य मी बऱ्याच अंशी स्वीकारतो, आणि ‘नालायक’ या शिक्क्यापेक्षा ते कितीतरी न्याय्य आहे. तरीही नॉर्मंडीने हेन्रीचे राज्य सुटका म्हणून स्वीकारले, हे मला मान्य नाही. तँशब्रेनंतर रॉबर्टचा लहान मुलगा विल्यम क्लिटो याला ज्या एलियास दे सँ-साँसच्या हवाली केले होते, त्याने पुढे स्वतःच्या जमिनीवर पाणी सोडून त्या मुलाला परमुलखात सांभाळले. १११९ मध्ये ब्रेम्यूल येथे फ्रान्सचा राजा सहावा लुई याच क्लिटोची बाजू घेऊन हेन्रीशी लढला, आणि कित्येक नॉर्मन सरदार क्लिटोच्या नावाने उठले. ११२८ मध्ये आल्स्टच्या वेढ्यात झालेल्या जखमेने तो मेला, तेव्हाच हेन्रीच्या डोक्यावरची टांगती तलवार दूर झाली. बापाची कारकीर्द लोकांना इतकी नकोशी झाली असती, तर त्याच्या मुलामागे इतकी माणसे इतकी वर्षे उभी राहिली नसती.