मराठी स्लाइड स्वतः करणाऱ्या एआय एजंटला कोणती टूल्स द्यावीत?

दांडियाबाजारकर:
वडोदऱ्यातल्या आमच्या मराठी मंडळाच्या व्याख्यानांच्या स्लाइड करणं माझ्याच गळ्यात असतं. आता विषय आहे सयाजीराव आणि ग्रंथालयं: १८९३ मध्ये अमरेली भागात सक्तीचं शिक्षण, १९०६ पासून साऱ्या राज्यात, १९१० मध्ये अमेरिकेहून बोलावलेले ग्रंथपाल बॉर्डन, फिरती ग्रंथालयं. टिपणं देऊन एजंटला पायथनमध्ये हवा तो कोड लिहून चालवायला मोकळं सोडलंय. पायथन-पीपीटीएक्स ही कोड लायब्ररी वापरून तो पॉवरपॉइंटची फाइल करतो. मजकूर ठीक, पण शीर्षक दोन ओळींचं झालं की खालच्या मजकुरावर चढतं आणि हा खुशाल सांगतो, 'प्रेझेंटेशन तयार आहे'. 'मुक्त' नावाचा फॉन्ट सांगितला तरी मराठी अक्षरं 'मंगल' फॉन्टमध्येच. टूल्स वाढवू की कमी करू? अध्यक्षकाका म्हणतात हातानं कर, तासाभराचं काम आहे. (त्यांनी आजवर एकही स्लाइड केलेली नाही.)

मकरपुरा_मेंटेनन्स:
ताई, कमी करा, पण आधी त्याला डोळे द्या. ती लायब्ररी फक्त फाइल लिहिते, पान काढून बघत नाही. अक्षरं चौकटीत मावली की नाही, हे एजंटला कळणार कुठून? लिब्रेऑफिसनं पीडीएफ करा, पानांची चित्रं काढा आणि ती मॉडेललाच दाखवा. कारखान्यातले मासिक रिव्ह्यू मी असेच करून घेतो. चित्र बघितल्याशिवाय 'तयार' म्हणायचं नाही, असा दंडक आहे.

मग मोकळं पायथन काढून घ्या. तीन टूल्स पुरतात: टेम्पलेटमधले लेआउट वाचणं, प्लेसहोल्डरमध्ये, म्हणजे लेआउटमधल्या ठरलेल्या चौकटीत, मजकूर भरणं आणि पान दाखवणं. जागा ठरवायचं काम त्याला देऊच नका. फाइलच्या आतली मापं ईएमयू या एककात असतात, इंचाला ९,१४,४००. त्या आकड्यांवरून पान कसं दिसेल याचा अंदाज माणसालाही येत नाही. स्लाइड मास्टर, म्हणजे सगळ्या स्लाइडचा मूळ साचा, एकदा तुम्ही स्वतः बसून नीट करा.

फॉन्टचं कारण वेगळं. लायब्ररीत फॉन्टचं नाव दिलं की ते फक्त रोमन अक्षरांना लागतं. देवनागरीसाठी फाइलच्या आतल्या एक्सएमएल मजकुरात 'सीएस' नावाचा वेगळा टॅग लागतो. तो नसला की थीममध्ये देवनागरीपुढे जे नाव असेल ते येतं, बहुधा मंगल. थीममध्येच मुक्त घाला. आणि जिथे चित्रं निघतात त्या मशीनवरही मुक्त हवा, नाहीतर तिथे दुसराच फॉन्ट येईल, ओळी वेगळ्या तुटतील आणि चित्र बघून उपयोग नाही.

दांडियाबाजारकर:
थीममध्ये बदलला, आला मुक्त! चित्रांचं आज रात्री बघते. मजकूर मावेल इतकी अक्षरं आपोआप लहान करणारा ऑटोफिट नुसता लावला तर नाही का चालणार?

मकरपुरा_मेंटेनन्स:
नाही. लायब्ररी फक्त खूण करून ठेवते. पॉवरपॉइंटमध्ये कुणी त्या मजकुराला हात लावेपर्यंत अक्षरं तेवढीच राहतात. प्रोजेक्टरवर थेट उघडलीत तर फसाल.

सयाजीगंज_वाचक:
दिसण्याचं झालं, पण मला भीती सनांची. मंडळात सत्तरीपुढचे श्रोते बसतात, १९०६ चं १९०७ झालं तर भर व्याख्यानात उठून सांगतील, आणि बरोबरच आहे त्यांचं. मजकूर भरायच्या टूलमध्येच आणखी एक रकाना सक्तीचा करा: ही ओळ तुमच्या टिपणाच्या कुठल्या पानावरून घेतली. ते स्पीकर नोट्समध्ये जाऊ दे. रकाना रिकामा असेल तर टूलनं स्लाइड नाकारायची. नुसतं सूचनेत लिहून भागत नाही, पाचव्या-सहाव्या स्लाइडनंतर विसरतो. आणि चित्रं बनवायचं टूल मुळीच देऊ नका. लक्ष्मी विलास पॅलेसला नसलेले घुमट फुटतील.