हरकत घेतली की लगेच विकासविरोधी? (शंभर फुटी रोड, सांगली)

विश्रामबागकर: काल इथं कुणीतरी लिहिलं, "शंभर फुटीच्या आतल्या गल्ल्या रहिवासी झोनमधून वाणिज्य झोनमध्ये घालायला हरकत घेणारे सगळे रिकामटेकडे पेन्शनर." मी पेन्शनर आहे, रिकामटेकडा नाही. एमआरटीपीच्या, म्हणजे नगररचना कायद्याच्या, कलम ३७ मध्ये हरकतीला महिना दिलाय तो काय कॅलेंडर सजवायला? संध्याकाळी पाचला या गल्लीत, क्लास सुटतो तेव्हा. गेटवर ऑइलपेंटनं 'गाडी लावू नये' लिहिलंय, त्या अक्षरांना टेकूनच तीन गाड्या असतात. परवा हिला दवाखान्यात न्यायचं होतं, गाडी बाहेर काढायला वीस मिनिटं लागली. अजून वाणिज्य व्हायचंय बरं का.

गावभागवाला: काका, ते लिहिणारा मीच. २०१९ च्या पुरात कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं, गणपती पेठेत माझं दुकान, माळ्यावरचा मालसुद्धा गेला. २०२१ ला परत पाणी. व्यापार वर सरकणार नाही तर काय नदीत बसणार?

विश्रामबागकर: सरका की, पण मेन रोडला. आणि पुराचं मला सांगू नका, तुमच्या लोकांच्या गाड्या तेव्हा पंधरा दिवस आमच्या दारात होत्या, आम्ही चकार शब्द काढला नाही.

गावभागवाला: आत्ता काढलात ना! एवढी वर्षं पोटात ठेवलं होतं होय? घरात छातीएवढं पाणी असताना गाडी काय डोक्यावर घेऊन बसायचं होतं?

मिरजेची सून: ओ काका, हे चुकलंच तुमचं. आमच्याकडे त्या वेळी अकरा माणसं होती, पिठलं-भात करून करून हात गेले, पण मोजलं नाही कुणी.

विश्रामबागकर: बरं, तो शब्द मागं. गाड्यांचा. हरकत मागं नाही.

गुंठेवारीतला: तुमचं बरंय, झोनवर तरी भांडताय. आम्ही गुंठेवारीत, म्हणजे गुंठ्या-गुंठ्यानं विकलेल्या बिनमंजुरीच्या प्लॉटवर, पावसाळ्यात चप्पल हातात घेऊन घरी जातो. आमच्यासाठी एक धागा काढा कधीतरी.

नकाशावाला: मूळ मुद्द्यावर या. झोन बदलल्यानं ट्रॅफिक होतं असं नाही, नकाशात तळमजल्याला पार्किंग दाखवायचं, मंजुरी मिळाली की तिथंच झेरॉक्स आणि ज्यूस सेंटर काढायचं, त्यानं होतं. २०२० च्या बांधकाम नियमावलीत पार्किंगचं सगळं लिहिलंय. आधी आहेत ते गाळे पाडा, मग झोन बघू.

गावभागवाला: हे मात्र खरं आहे. काकांच्या समोरच्या बिल्डिंगमध्ये मीच गाळा बघून आलोय, खांबावर पार्किंगचे पिवळे पट्टे अजून दिसतात.

विश्रामबागकर: घेतला नाहीत ना?

गावभागवाला: भाडं ऐकूनच परत आलो. काका, तुमच्या हरकतीवर सही करतो, फक्त त्यातलं क्लासचं काढा. माझी पोरगी तिथंच येते.

विश्रामबागकर: पांढरी स्कूटी, आरशाला टेडी?

गावभागवाला: …सांगतो तिला.