चर्चा: १९७४ च्या संपाने रेल्वे फेडरेशनचे भले झाले का?

लोहमार्गी: १९२४ मध्ये स्थापन झालेल्या ऑल इंडिया रेल्वेमेन्स फेडरेशनच्या इतिहासात १९७४ च्या संपाला मानाचे पान देण्याची प्रथा आहे, मला मात्र तो आतबट्ट्याचा व्यवहार वाटतो. पीटर अल्वारिस यांना हरवून जॉर्ज फर्नांडिस १९७३ मध्ये अध्यक्ष झाले, आणि पुढच्याच वर्षी संपाला सहा दिवस उरले असताना, २ मे रोजी, त्यांना अटक झाली. ८ मे रोजी सुरू झालेला संप २७ मे रोजी विनाअट मागे घ्यावा लागला. हजारो कामगार मात्र बडतर्फ झाले.

शंटिंग यार्ड: आपल्या मांडणीवरून संप जणू एका अध्यक्षाच्या मर्जीने झाला, असे वाटते. माझे वडील फायरमन, म्हणजे इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे, होते. रात्री दोन वाजता कॉलबॉय (ड्यूटीवर बोलवायला येणारा माणूस) सायकलवरून येई, कंदिलाच्या उजेडात वहीवर सही घेई, आणि गाडी घेऊन गेलेला माणूस परत कधी येणार हे आईला ठाऊक नसे. हीच लोको रनिंगची, म्हणजे इंजिनावर काम करणारी, मंडळी १९७३ मध्ये आपल्या स्वतंत्र संघटनेतर्फे संपावर गेली आणि त्यांनी दहा तासांच्या ड्यूटीचे आश्वासन मिळवले. फेडरेशनला डावलून असे काही मिळते हे दिसल्यावर जुन्या वाटाघाटींवर विश्वास कोण ठेवणार?

लोहमार्गी: त्या वहीमागचे हाल मान्य. पण वर्गवार (एकेका प्रकारच्या कामगारांच्या) संघटना संपासाठीच्या राष्ट्रीय समन्वय समितीत एकत्र आल्या, तरी काँग्रेसच्या बाजूचा दुसरा मान्यताप्राप्त महासंघ बाहेरच राहिला. (१९५३ मध्ये दोन्ही महासंघांचे विलीनीकरण झाले होते, तेही टिकले नाही.) घरातच अशी फूट असताना सरकारशी निर्वाणीची लढाई का पुकारावी?

दादर पूर्व: हिशेब २७ मे रोजीच बंद करणे मला पटत नाही. संपाची एक मागणी बोनसची होती; रेल्वे हे सरकारी खाते असल्याने बोनसचा कायदा तिला लागू नाही, ही सरकारची भूमिका होती. १९७७ मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाले आणि संपात बडतर्फ झालेल्यांना त्यांनी पुन्हा कामावर घेतले. १९७९ मध्ये रेल्वे कामगारांना बोनसही मंजूर झाला.

लोहमार्गी: दंडवते आले ते मतपेटीतून, संपातून नव्हे. आणि १९७९ चा बोनस उत्पादकतेशी जोडलेला होता, तर १९७४ ची मागणी लांबणीवर पडलेले वेतन म्हणून हक्काच्या बोनसची होती.

शंटिंग यार्ड: फरक खरा आहे, पण ‘खात्याला बोनस नाही’ हे वाक्य त्यानंतर कोणत्याही रेल्वेमंत्र्याला उच्चारता आले नाही.